मदत हवी आहे: चौल-रेवदंडा पायी फिरवून दाखवणारा जाणकार कुणी?

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यातला साठीपुढच्यांचा गट आहे. कसबा, शनिवार पेठेतले वाडे, पाताळेश्वर असं सगळं माहीतगारांबरोबर पायी पाहून झालंय. येत्या थंडीत एखादं जुनं बंदर पाहायचं ठरतंय आणि माझं मत चौल-रेवदंड्याला. अलिबागला ऊठसूट जाणारे पुणेकरसुद्धा रेवदंड्यात नारळपाणी पितात आणि काशिदकडे पळतात, हे काही बरं नाही.

दोन गाइडांशी फोनवर बोलले. दोघांचंही पालुपद तेच: किल्ला, बीच, जेवण. अहो, मला बंदराबद्दल ऐकायचंय! १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौललाच उतरला. तिथून आपल्या जुन्नरला आला, तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला आणि 'धर्म बदल, मग देतो' म्हणाला. (घोडा शेवटी परत मिळाला.) त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. १५०८मध्ये इथेच इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांच्याशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो पडला. पुढे १५७०-७१मध्ये इथल्या पोर्तुगीजांना निजामशहाचा वेढा, आणि १७४०मध्ये रेवदंडा आणि समोरचा कोर्लई किल्ला मराठ्यांकडे. एवढं सगळं सोडून 'बीच'?

तर प्रश्न असे. तटाच्या आतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, पडकी चर्चेस आणि सातखणी मनोरा हे कुठून सुरू करून कुठे संपवावं? वाड्या खाजगी आहेत, आत जायचं तर कुणाला विचारायचं? रेवदंड्यातलं बेथ एल सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बाहेरच्यांना बघू देतात का? समुद्राकडच्या तटाखालून वाळूतून चालायचंय, त्यासाठी ओहोटीची वेळ कशी काढता?

चौलच्या रामेश्वराची पुष्करणी बघायचीच आहे, पण दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या नकोत. गुडघे!

येताना ताम्हिणी-माणगाव-रोहा बरं की खोपोली-पेण-अलिबाग? एसी बस आहे, पण दोघांना घाट लागतो.

प्रतिसाद

काकू, ओहोटीचं आमच्याकडे सोपं गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, मग सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेअकराच्या आसपास. म्हणजे पंचमी ते सप्तमीत येणारा रविवार धरा, सकाळी नऊला तटाखाली उतरा. शुद्ध-वद्य दोन्ही चालेल. पुनवेला येऊ नका, ऐन दुपारी पाणी भिंतीला.

आणि चौल-रेवदंडा एका दमात चालायचा हट्ट सोडा. सकाळी रेवदंडा पायी, मग मिनीडोर (मोठी रिक्षा) करून रामेश्वर. मंडपातल्या पर्जन्यकुंडाबद्दल पुजाऱ्यांना विचारा, दुष्काळात ते उघडायची प्रथा होती. घाट लागणारे असतील तर ताम्हिणी विसरा.

वाडीवाल्यांपैकी ओळखीचं आहे कुणी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. इतिहास सांगणारा मात्र मलाही माहीत नाही.

धागाकर्ती

पाऊणपटीबद्दल लाख धन्यवाद! कालनिर्णय घेऊन बसलेच. वाडीवाल्यांचा नंबर नक्की पाठवा. सिनेगॉग आणि जाणकार हे दोन प्रश्न अजून उघडे आहेत, अलिबागकर वाचताय ना?