डोंगरातली हाफ मॅरेथॉन, तीही निधीसाठी: सल्ला हवाय

सावकाश_गडी:
मंडळी, सपाट डांबरी रस्त्यावर माझ्या दोन हाफ झाल्यात, त्यातली बरी वेळ २ तास २० मिनिटं. उत्साहाच्या भरात आता एका ट्रेल हाफसाठी, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरच्या हाफ मॅरेथॉनसाठी, नाव नोंदवून बसलोय. अंतर २१ किमी, एकूण चढाई ९०० मीटर, कटऑफ (संपवायची कमाल वेळ) साडेचार तास. हातात १४ आठवडे आहेत. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेसाठी यानिमित्ताने निधी जमवायचा विचार आहे.

किती वेळ धरून चालू? घराजवळ टेकडी नाही, मग चढाचा सराव कसा करायचा? शूज वेगळे लागतातच का? आणि खरी धास्ती ही की पैसे मागायला माझी जीभ रेटत नाही. त्यातून अर्ध्यात सोडावी लागली तर लोकांच्या पैशांचं काय?

खडकवाट:
वेळेचं आधी. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेचा साधा हिशोब आहे: दर १०० मीटर चढाईमागे अंतरात १ किमी मिळवायचा. म्हणजे तुमचे २१ किमी मेहनतीच्या मापाने ३० झाले. तुमचा सपाटीचा वेग किलोमीटरला साधारण ६ मिनिटं ३८ सेकंद, त्याने ३ तास २० मिनिटं होतात. त्यावर दगडधोंडे, अरुंद वाट, पुढच्याच्या मागे थांबणं. पावणेचार तास धरा. कटऑफमध्ये बसता, पण फार ऐसपैस नाही. मधल्या टप्प्यांनाही वेगळे कटऑफ असतात का, ते नकाशात आजच बघून घ्या.

चढावर चाला. लाजू नका. तीव्र चढावर पळणाऱ्याचा आणि झपाझप चालणाऱ्याचा वेग जवळपास सारखाच पडतो, दम मात्र पळणाऱ्याचा जातो. हात मांडीवर टेकवून, छोटी पावलं टाकत चालायचा सराव करा. हाही सरावच आहे, सुट्टी नव्हे.

उताराने_शिकवलं:
चढाची काळजी सगळेच करतात. मला उताराने झोपवलं. पहिल्या ट्रेल हाफला १३ किमीपर्यंत मी राजा होतो, मग लांबलचक उतार लागला आणि मोकळा सुटलो. १६ व्या किमीला मांड्या अशा आखडल्या की शेवटचे पाच किमी खांबासारखे पाय टाकत गेलो. पुढचे तीन दिवस जिना उलट्या पावलांनी उतरलो!

कारण असं की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा जोर लावतो. त्यात त्याची बारीक मोडतोड होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातो. पण हाच स्नायू एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो. म्हणून उताराचा सराव सोडू नका. शेवटची दमदार उतरण स्पर्धेच्या दोन आठवडे आधी करा, नंतर नको.

टेकडी नसेल तर जिना आहे. एक मजला साधारण ३ मीटर धरला तर ३३-३४ मजले म्हणजे १०० मीटर. आठवड्यातून एकदा, १५ मजल्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. वर चढून लिफ्टने खाली आलात तर अर्धा सराव फुकट गेला, चालत उतरा. उतरताना छोटी, भराभर पावलं, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार पावलं पुढे. ट्रेडमिलवर १० टक्के चढ लावला तर १ किमीला साधारण १०० मीटर चढाई होते, पण त्यात उतार मिळत नाही हे लक्षात असू द्या.

नखं_गमावलेली:
शूजबद्दल: वाट कोरडी, कठीण असेल तर तळाच्या खुंट्या ३-४ मिमीच्या पुरतात, चिखल असेल तर ५-६ मिमी. अर्धा नंबर मोठा घ्या, उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात (नावावरून अंदाज आला असेलच). वरच्या जादाच्या भोकातून लेसचा फास करून टाच घट्ट बांधा. नवे शूज थेट स्पर्धेला घालू नका.

पाणी तहानेप्रमाणे प्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते खरोखर धोक्याचं आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, मात्र लांब सरावात जे पचलं तेच. पोल्सबद्दल (हातात धरून टेकायच्या काठ्या) माझं मत: २१ किमीला ओझंच.

खडकवाट:
पोल्सबद्दल असहमत, तीव्र चढावर मांड्यांचा बराच भार हलका होतो. पण आधी आयोजकांचे नियम वाचा, काही ठिकाणी परवानगी नसते.

मागणारी_ताई:
निधीचं मी सांगते, चार वेळा जमवलाय. पैसे स्वतःच्या खात्यात अजिबात घेऊ नका. आधी संस्थेची परवानगी घ्या आणि देणगी थेट त्यांच्याच खात्यात जाईल अशी सोय मागा. प्रवेश शुल्क, शूज, प्रवास हा खर्च तुमचा, आणि तो तुमच्या खिशातून आहे हे पहिल्याच संदेशात लिहा. हा प्रश्न लोकांच्या मनात असतो, विचारत मात्र कोणी नाही.

दोनशे जणांच्या ग्रुपवर एकच संदेश टाकून गप्प बसू नका. मी तेच केलं होतं आणि अंगठे भरपूर आले, पैसे दोघांचे. जवळच्या दहा जणांना एकेकट्याने फोन करा. आणि 'यथाशक्ती द्या' म्हणू नका, आकडा सांगा. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा कर्करोगाने पाय गमावलेला तरुण कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी एका कृत्रिम पायावर धावत कॅनडा ओलांडायला निघाला, आणि पुढे त्याची मागणी ठरली देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. लहान आणि स्पष्ट. तुम्ही संस्थेला विचारा, एक पुस्तक ध्वनिमुद्रित करायला किती खर्च येतो, आणि तोच आकडा मागा.

अर्ध्यात सोडली तर? टेरीलाही १४३ दिवसांनी थांबावं लागलं होतं, कर्करोग फुप्फुसात पसरला म्हणून. लोकांनी पैसे परत मागितले नाहीत, उलट ओघ वाढला. तुम्ही आधीच लिहून टाका: 'मी कुठेही थांबलो तरी देणगी संस्थेचीच.' म्हणजे पाय मुरगळला तर केवळ लाजेखातर लंगडत पुढे जाणार नाही.

सावकाश_गडी:
ताई, तो शेवटचा मुद्दा डोक्यातही नव्हता, खूप आभार. संस्थेला पत्र पाठवलंय. काल २० मजले चढलो, उतरलोही. रखवालदाराने विचारलं, लिफ्ट बंद आहे का? आज खुर्चीत बसताना तोंडातून आवाज निघतोय. उद्या पुन्हा जाऊ का?

उताराने_शिकवलं:
नको. दोन दिवस सपाटीवर हलकं पळा. पुढच्या आठवड्यात तेवढेच २० करा आणि दुखणं किती कमी झालं ते इथे येऊन लिहा.