व्हीआर हेडसेटच्या काचांवर वाफ धरते, मदत हवी आहे

घरी पहिल्यांदाच व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्यं बघायचं यंत्र) आणलाय, कॉम्प्युटरशिवाय चालणारा. नागपूरचा उन्हाळा, हॉलमध्ये डेझर्ट कूलर, एसी नाही. डोक्यावर चढवला की थोड्याच वेळात लेन्स आणि माझा चष्मा, दोन्हींवर वाफ. चष्म्यासाठीचा स्पेसर (आत चष्म्याला जागा करून देणारी चौकट) लावला, डोळ्यांमधलं अंतर जुळवलं, मायक्रोफायबरनं पुसून पाहिलं. कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तर वाफ कमी होते, पण मग उकाडा सहन होत नाही. खिडकीजवळ नेत नाही. लेन्समधून थेट ऊन गेलं तर आतली स्क्रीन जळते. मळमळ वगैरे नाही, बसूनच बघतो.

नंबर मायनस अडीच, थोडा सिलिंड्रिकल. चष्म्याऐवजी हेडसेटमध्येच नंबरच्या लेन्स बसवल्या तर वाफ खरंच थांबते का, आणि सीताबर्डी-धरमपेठेत कुणी त्या बनवून देतं का?