मॉरिशसला जूनमध्ये जाताय? स्वेटर घ्या

दापोलीच्या ताईंनी विचारलंय, लेकीकडे मॉरिशसला जूनमध्ये चाललेय, हवा आपल्यासारखीच ना? नाही हो ताई. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आपल्याकडे मिरग लागतो तेव्हा तिथं हिवाळा. कडाका नसतो, पण आग्नेयेकडून वारा सुटतो, आणि लेक क्युरपीपसारख्या उंचावरच्या गावात असेल तर स्वेटर हवाच. आमची ही तर कानटोपी घालूनच टीव्ही बघायची!

आंब्याची पेटी न्यायचा विचार सोडा. ताजी फळं, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. तिथला आंबा येतो डिसेंबरच्या सुमारास, आपल्या कलमांना मोहोर असतो तेव्हा.

बाजारात नीरफणस दिसला तर मात्र सोडू नका. जाडसर काप, हळद-तिखट-मीठ, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर खरपूस. जावई वेफर्ससारखे उडवतात, करणारीच्या वाट्याला दोन उरले तर नशीब. आणि रस्त्यावरची धोलपुरी खाच: डाळ भरलेली पातळ पोळी, जोडीनंच मिळते, आत घेवड्याचा रस्सा आणि चटणी. पुरणपोळीच्या अपेक्षेनं खाऊ नका, तिखट असते.

घरी फोन करताना तेवढं ध्यानात ठेवा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.