११० पौंडांत विकलेली कादंबरी

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीला सुरुवातीला प्रकाशक मिळाला नाही, म्हणजे ती नापसंत झाली, असं म्हटलं जातं. किंचित दुरुस्ती: १७९७ च्या नोव्हेंबरात जेनच्या वडिलांनी लंडनचे प्रकाशक कॅडेल यांना पत्राने विचारलं होतं, आणि उलट टपाली नकार आला. हस्तलिखित त्यांनी मागवलंच नाही! न वाचलेलं पुस्तक नापसंत कसं म्हणणार?

तेव्हा कादंबरीचं नाव 'फर्स्ट इम्प्रेशन्स' होतं. पुढे त्याच नावाची दुसऱ्या लेखिकेची कादंबरी बाजारात आली. नाव बदललं त्यामागे हेही कारण असावं.

मला खरी हळहळ वाटते ती व्यवहाराची. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) जेनने छपाईचा धोका स्वतःच्या अंगावर घेऊन काढली आणि तिला १४० पौंड सुटले. 'प्राइड'चे हक्क मात्र प्रकाशक एगर्टनला एकरकमी ११० पौंडांत देऊन टाकले. तिला १५० हवे होते. पुस्तक २८ जानेवारी १८१३ ला तीन खंडांत आलं, किंमत १८ शिलिंग. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, १८१७ मध्ये तिसरी. नफा सगळा एगर्टनचा, बाईंच्या हाती छदाम नाही.

आणि शीर्षकपानावर तिचं नावही नाही, फक्त 'सेन्स अँड सेन्सिबिलिटीच्या लेखिकेकडून' एवढंच. तिची ओळख भाऊ हेन्रीने छापून जाहीर केली ती डिसेंबर १८१७ मध्ये. जेन त्याच वर्षीच्या जुलैत गेली होती.