रॅप मेटल: पहिला अल्बम कोणता घेऊ?

चिंचगूळ: भाचा सोळाचा होतोय. दिवसभर रॅप चालू. भावोजी जुने मेटलवाले, त्यांना रॅप म्हणजे नुसती बडबड वाटते. गाडीत बसलं की गाण्यावरून जुंपलीच. दोघांनाही चालेल अशी एखादी एलपी (मोठी रेकॉर्ड) द्यायची आहे, घरात टर्नटेबल आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

रात्रपाळी: ताई, फार शोधू नका. रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम घ्या, नावही बँडचंच. लॉस एंजेलिसची चार पोरं, नोव्हेंबर १९९२. १० गाणी, जेमतेम ५३ मिनिटं. झॅक दे ला रोचा रॅप करतो, मागे गिटार-बास-ड्रम अस्सल मेटलचे. भावोजींना सांगा, आतल्या कागदावर छापलंय की सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डमधले उचललेले तुकडे), कीबोर्ड, सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही.

तुटकी_तार: +१. त्या छापलेल्या ओळीचं कारण बँडच्या टॉम मोरेलोची गिटार ऐकल्यावर कळतं. गिटारवर दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक), एकाचा आवाज शून्यावर, दुसऱ्याचा पूर्ण. मधला स्विच टकाटक हलवायचा, सूर तुटत तुटत येतो. दुसऱ्या हाताने तारा घासल्या की थेट डीजेचं स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड पुढेमागे घासल्याचा आवाज! यातल्या 'नो युअर एनिमी' गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. मी घरी करून बघितलं. तीन दिवसांत स्विच गेला, बाकी काही जमलं नाही.

आणि यातल्याच 'किलिंग इन द नेम' गाण्याची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) मोरेलोला कुठे सुचली? शिकवणीत, विद्यार्थ्याला ड्रॉप डी ट्यूनिंग (सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवणं) दाखवताना.

चिंचगूळ: कव्हर आत्ता पाहिलं. पेटलेला माणूस?? वाढदिवसाला?

रात्रपाळी: तो थिक क्वांग डुक हा बौद्ध भिक्खू आहे. ११ जून १९६३, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव. तिथलं दिएम सरकार बौद्धांवर करत असलेल्या अन्यायाविरुद्ध भर चौकात त्याने स्वतःला पेटवून घेतलं. फोटो माल्कम ब्राउन या पत्रकाराने काढलेला. बघवत नाही हे खरं, पण उगीच लावलेला नाही. गाण्यांतही तोच राग आहे. शेवटचं 'फ्रीडम' तेव्हा तुरुंगात असलेल्या लिओनार्ड पेल्टिए या अमेरिकी आदिवासी कार्यकर्त्यासाठी होतं. सोळाव्या वर्षी मुलं याहून वाईट गोष्टी फोनवर बघतात. भाच्याला आधी गोष्ट सांगा, मग एलपी द्या.

कोरा_कागद: परदेशीच कशाला? दिल्लीचा ब्लडीवुड बँड आहे की. त्यांचा अल्बम 'रक्षक', २०२२. ढोल, बासरी, रॅप, मेटल, सगळं एकत्र.

रात्रपाळी: 'रक्षक' मलाही आवडतो, पुढच्या वाढदिवसाला नक्की द्या. पण बापलेकाचं भांडण मिटवायचं तर मूळ दुकानातूनच माल घ्यावा.

तुटकी_तार: ताई, एक राहिलंच. 'किलिंग इन द नेम'च्या शेवटी एकच शिवीवाली ओळ १६ वेळा येते, आवाज चढवत चढवत. २००९ मध्ये इंग्लंडात लोकांनी मोहीम चालवून हेच गाणं नाताळात पहिल्या नंबरवर नेलं होतं.

चिंचगूळ: १६ वेळा! बरं, ऑर्डर केली. आजी गुरुवारी भजनाला जातात, तेव्हा लावा म्हणून सांगते.