एक बाई, चार रजिस्टरं, आणि एक गूगल शीट

सांख्यिक: रुग्णालयातलं दिलासा केंद्र, पोलीस ठाण्यातला महिलांसाठीचा विशेष कक्ष, सरकारी सखी केंद्र, वकिलांची संस्था. घरात मार खाणारी एकच बाई मदतीसाठी ही चार दारं चढते आणि अहवालांत चार बायका होतात. सगळ्यांनी केसच्या नोंदी एका गूगल शीटमध्ये टाकाव्यात, नावं काढून. गोपनीयतेचं तुणतुणं वाजवणाऱ्यांना आपले आकडे तपासले जाण्याची भीती आहे.

मोहरबंद: शेवटच्या वाक्यासाठीच लिहितोय. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली? तालुका, वय 34, प्राथमिक शिक्षिका, धाकटा मुलगा कर्णबधिर. गावातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. नवऱ्याला तर एवढंही लागत नाही. वय पाच वर्षांच्या गटात घाला, तालुक्याऐवजी जिल्हा, तारखेऐवजी तिमाही. समुपदेशनाचं टिपण तर संस्थेबाहेर जाताच कामा नये. तक्त्यात पाचाखालचा आकडा झाकायचा, आणि एकच चौकट झाकून भागत नाही: बेरजेतून बाकीचे वजा केले की ती उघडी. त्याच ओळीतली आणखी एक झाकावी लागते.

सांख्यिक: बरं, शीट सोडा. मोबाइल नंबरचा हॅश करू, म्हणजे सूत्राने त्याची ठरावीक सांकेतिक अक्षरमाळ बनवू. नंबर दिसणार नाही, दुबार नोंद सापडेल.

गणिती_मावशी: दहा आकडी नंबर! होऊ शकतात तेवढे सगळे नंबर हॅश करून ताडायला साधा लॅपटॉप पुरतो. आधी गुप्त किल्ली मिसळा, ती नोंदी न पाहणाऱ्या तिसऱ्याकडे ठेवा, चारही रजिस्टरांतल्या नोंदींची जोडणी झाली की नष्ट करा. आणि नंबर कुणाचा? इथे भावाचा, तिथे शेजारणीचा, तिसरीकडे नवं सिम. आडनाव एका रजिस्टरात माहेरचं, दुसऱ्यात सासरचं. जावा-जावांचा एकच फोन असला तर दोघींची एक होईल ती वेगळीच.

तिसरा_रकाना: जोडून तरी काय मोजणार? ‘निकाल’ या रकान्यात कुणी ‘समझोता’ लिहितं, कुणी ‘घरी परत’, कुणी नुसतं ‘बंद’. सहा महिन्यांनी ती पुन्हा मार खाऊन आली की नवी केस, नवा समझोता. एका अपयशाची दोन यशं.

विशेष_नाही: समझोत्याला नावं ठेवायची फॅशन झालीय. लेखी अटी असतात, पाठपुरावा असतो. बऱ्याच जणींना हिंसा थांबवायची असते, घर सोडायचं नसतं. ते ठरवणारे तुम्ही कोण?

तिसरा_रकाना: ठरवत नाहीये, मोजा म्हणतोय. दोन रकाने: तिने काय मागितलं, काय मिळालं. निवास, पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, हिंसा थांबणं. मग 3 आणि 6 महिन्यांनी फोन, तिने सांगितलेल्या सुरक्षित वेळेलाच. उचलला नाही तर ‘संपर्क नाही’ लिहा. ‘हिंसा थांबली’ नाही!

विशेष_नाही: हे फोन कोण करणार? दोन समुपदेशकांवर अख्खा जिल्हा असतो. देणगीदार या कामाला छदाम देत नाहीत.

सांख्यिक: धागा माझा आहे, आठवण करून देतो. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याचं कलम 9 डीआयआरची, म्हणजे हिंसेच्या घटनेच्या अहवालाची, प्रत पोलीस ठाण्याला आणि त्या भागातल्या सेवा पुरवठादारांना पाठवायला सांगतं. तिथे नाही दुखत गोपनीयता?

मोहरबंद: ती प्रत तिच्या संरक्षणासाठी आहे, तुमच्या आलेखासाठी नाही. पहिल्या दिवशी सुजल्या डोळ्यांनी केलेली सही दोन्हींना पुरत नाही. संशोधनाची संमती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, वेगळ्या कागदावर, आणि ‘नाही’ म्हणाली तरी सेवा तीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच विचारतात. शिवाय समुपदेशकाच्या नोंदींना वकील-अशील बोलण्यासारखं कवच नाही. जितक्या ठिकाणी प्रती, तितके समन्सचे पत्ते.

सांख्यिक: समन्सचा मुद्दा खरा आहे. शीट मागे घेतो, खूश? पण मग अहवालात ‘इतक्या महिला’ छापणं बंद करा, ‘इतक्या नोंदी’ लिहा. आणि पहिल्या भेटीत ‘याआधी कुठे गेला होतात’ एवढं विचारा, निम्मी दुबार मोजणी तिथेच कळेल.

गणिती_मावशी: तो रकाना बऱ्याच रजिस्टरांत आहे की. रिकामा.