सकाळची उपाशीपोटीची साखर झोपतानापेक्षा जास्त येते, आणि त्यावरून घरात रोज चौकशी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टाइप २ मधुमेह, वय पन्नाशीच्या पुढे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-रात्र चालू आहे. शेवटचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.८ आलं, डॉक्टर म्हणाले ठीक चाललंय.

माझं घोडं अडलंय ते सकाळच्या आकड्यावर. रात्री झोपताना मोजली तर साखर १२५-१३० च्या घरात असते. मग पाण्याशिवाय पोटात काही जात नाही. सकाळी उठून मोजली की १५०-१५५, एखाद्या दिवशी १६० सुद्धा. जेवणानंतर दोन तासांची मात्र बहुतेक वेळा १७० च्या आत. म्हणजे दिवसभर खाऊनपिऊन बरी, आणि काही न खाता झोपले की वाढते. हे गणित मला सुटत नाही.

आता दुसरा भाग. मुलगी दुसऱ्या शहरात असते. निदान झालं तेव्हा मीटर तिनेच घेऊन दिला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळचा आकडा टाकायचं ठरलं. सुरुवातीला मलाही बरं वाटायचं, कुणीतरी लक्ष ठेवून आहे म्हणून. हल्ली आकडा टाकला की दोन मिनिटांत प्रश्न, "आई, काल रात्री काय खाल्लंस?" आणि हे तर मी स्ट्रिप मीटरमध्ये घातल्यापासून मागे उभे. रक्ताचा थेंब लागला की मीटर पाचापासून उलटे आकडे मोजतो, तेवढा वेळ माझ्या खांद्यावरून वाकून बघतात. १२८ आला तर "वा!" १५५ आला तर नुसतं "हं." तो "हं" मला दुपारपर्यंत पुरतो. परवा दीर म्हणाले, "वहिनी, रात्रीचं जेवणच सोडा, आपोआप खाली येईल."

तर विचारायचंय ते असं. न खाता साखर वाढते कशी? रात्रीचं जेवण सोडून खरंच काही होतं का? मध्यरात्री उठून मोजावी का, आणि मोजली तर किती वाजता? ज्यांच्या घरात रोजचा आकडा सगळ्यांना सांगायचा रिवाज आहे त्यांनी तो कसा निभावला, हेही लिहा. मला बंद करायचं नाहीये. काळजीपोटी विचारतात हे कळतं. पण रोज उठून परीक्षेचा निकाल लागल्यासारखं होतं, ते नको झालंय.

डॉक्टरांची पुढची वेळ दोन आठवड्यांनी आहे. तोवर काय काय लिहून ठेवू तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी एक. जेवण सोडू नका. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेतली आणि जेवलंच नाही तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि झोपेत गेली तर पटकन कळतही नाही. दिरांचे आभार माना आणि सल्ला सोडून द्या.

आता वाढते कुठून ते. यकृतात ग्लुकोजचा साठा असतो, शिवाय यकृत नवीन ग्लुकोज बनवतंही. रात्रभर आपण उपाशी असतो तेव्हा मेंदूचं काम त्यावरच चालतं, त्यामुळे हा पुरवठा बंद पडून भागत नाही. पहाटे साधारण ३ ते ८ या वेळात कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात, शरीर उठायच्या तयारीला लागतं आणि यकृत जास्त ग्लुकोज रक्तात सोडतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. मधुमेह नसलेल्यांचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन वाढवून ते सांभाळून घेतं, आपल्याला तिथे कमी पडतं. डॉक्टर लोक याला डॉन फिनॉमिनन म्हणतात. तुमचे झोपतानाचे आकडे बघता सकाळच्या १५५ चा जाब रात्रीच्या ताटाला विचारण्यात अर्थ नाही.

मेटफॉर्मिनचं मुख्य काम यकृताचा हा पुरवठा आवरणं हेच आहे. रात्रीची मात्रा किती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःच्या मनाने वाढवू मात्र नका.

प्रतिसाद

वरच्यांना अनुमोदन, पण पहाट हे एकच कारण धरून बसू नका. काहींची साखर रात्री उशिरा जड जेवल्यामुळे झोपतानाच चढणीला लागलेली असते, स्निग्ध पदार्थ जास्त असले तर ती उशिरापर्यंत चढत राहते. काहींची मध्यरात्री खाली जाते. खाली जाऊन सकाळी उसळी मारते, याला सोमोग्यी परिणाम म्हणतात. मायकेल सोमोग्यी या जीवरसायनशास्त्रज्ञाने तो १९३० च्या दशकात मांडला. अंगाला चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर लावून पाहिल्यावर मात्र, रात्री ज्यांची साखर खाली गेली त्यांची सकाळचीही बहुधा कमीच निघाली, म्हणून हल्ली त्यावर पूर्वीइतका भर देत नाहीत. तरी तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, तेव्हा रात्री साखर उतरते का हे पाहायलाच हवं. झोपेत दरदरून घाम, भलभलती स्वप्नं, उठल्यावर डोकं जड, असं काही होतं का?

दोन-तीन रात्री, सलगच असं नाही, झोपताना, पहाटे ३ ला आणि डोळे उघडल्याबरोबर मोजा. ३ ची झोपतानाइतकीच आणि सकाळची जास्त असेल तर प्रकरण पहाटेचं. ३ लाच चढलेली असेल तर जेवणाची वेळ नाहीतर रात्रीचं औषध बघावं लागेल. ७० च्या खाली दिसली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा. त्यासाठी दोन आठवडे थांबायचं नाही.

प्रतिसाद

मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून मीटरबद्दल थोडं. लोक १५० आणि १५८ यावरून घरात भांडतात. मीटरला तो फरक कळत नाही हो! २०१३ चं आयएसओ १५१९७ हे मानक असं की साखर १०० किंवा जास्त असेल तर १०० पैकी ९५ वेळा मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आत पडला पाहिजे. म्हणजे खरी साखर १५० असताना मीटरने १२८ दाखवला किंवा १७२ दाखवला, तरी तो नियमात बसतो. त्याच बोटातून लागोपाठ दोन थेंब घेतले तरी आकडे जुळतीलच असं नाही. तेव्हा एकेका आकड्यावर "वा" नको आणि "हं" ही नको. आठवड्याचा कल बघा.

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. बोटाला गोडाचा नुसता अंश असला तरी आकडा भलताच वर जातो, ओलं राहिलं तर थेंब पातळ होऊन खाली येतो. टोचायचं बोटाच्या टोकाला नाही, कडेला, तिथे दुखतं कमी. आणि स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा. ती डबी उघडी टाकून गप्पा मारणारे मी रोज बघते. दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात आणि दोष जेवणावर जातो.

बाकी, उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे बहुतेक मोठ्या माणसांसाठीचं सर्वसाधारण लक्ष्य. वय आणि इतर आजार बघून डॉक्टर ते सैल किंवा कडक करतात. तुमचं ६.८ म्हणजे सरासरी साधारण १४८. तुम्ही दिलेल्या आकड्यांशी ते जुळतंय, म्हणजे दिवसात कुठे मोठं काही लपलेलं दिसत नाही. फक्त रक्त कमी असेल तर एचबीए१सी दिशाभूल करू शकतं, हिमोग्लोबिन तपासलंय ना?

प्रतिसाद

माझ्या ओळखीत एकाच्या सगळ्या गोळ्या चूर्णाने सुटल्या. हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद

नको. दर मधुमेहाच्या धाग्यावर हे येतंच! ताई, गोळ्या चालू ठेवा.

प्रतिसाद

काकू, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, पहिल्यावर जाणकार बोललेत. मी टाइप १. दंडावर सेन्सर आहे आणि त्याचे आकडे दर पाच मिनिटांनी आईच्या आणि बायकोच्या फोनवर जातात. तुम्हाला दिवसाला एक "हं" मिळतो, मला मीटिंगमध्ये फोन यायचे. "बाण वर चाललाय, काय करतोयस?" एकदा मी चिडून शेअरिंगच बंद केलं. रात्री आई झोपली नाही, आणि तिला न झोपलेलं बघून मीही.

मग तिघांनी बसून ठरवलं. ७० च्या खाली गेली आणि मी उत्तर दिलं नाही तर फोन करायचा, दार वाजवायचं, काय वाटेल ते करायचं. २५० च्या वर दोन तास राहिली तर एक मेसेज, त्यात फक्त "बघितलंस का?" एवढंच. मधल्या आकड्यांवर कुणी काही बोलायचं नाही. रविवारी मी स्वतः आठवड्याचा आलेख दाखवतो, काय विचारायचं ते तेव्हा विचारायचं. मोडतं अधूनमधून. आईने एकदा २१० ला फोन केला, वर म्हणाली सहजच केला होता. पण भांडणं थांबली.

तुमच्याकडे मीटर आहे, म्हणजे तुम्हाला हे सोपं जाईल. मुलीला नुसता आकडा पाठवूच नका, सोबत संदर्भ द्या. "१५४, झोप चार तास." "१४८, रात्री जेवून चालून आले." नुसत्या १५४ ला खाण्याशिवाय दुसरं कारण कुणाला सुचणार? झोप कमी झाली, ताप-सर्दी असली, मनावर ताण असला, गुडघ्याला स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तरी साखर वाढते, हे घरच्यांना माहीतच नसतं. डॉक्टरांनाही अशी वही जास्त उपयोगी पडते. काकांना खांद्यामागून उठवून एक काम द्या. पहाटे ३ ची स्ट्रिप त्यांना लावायला सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितेय, कारण डॉक्टरांना भेटूनच लिहायचं ठरवलं होतं.

३ वाजताचा उद्योग केला. गजर यांच्याच फोनवर लावला. एका रात्रीचे आकडे देते, बाकीच्याही जवळपास तशाच. झोपताना १२७, पहाटे ३ ला १२४, साडेसहाला उठल्याबरोबर १५१. गंमत म्हणजे त्या दिवशी आवराआवरीत न्याहारीला तासभर उशीर झाला, म्हणून काही खायच्या आधी पुन्हा मोजली तर १६३. पोटात काही नसताना! ते यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि "अगं, तू तर काहीच खाल्लं नाहीस," असं आपणहून म्हणाले. इतके दिवस मी तेच सांगत होते.

घाम, स्वप्नं असलं काही नाही. हिमोग्लोबिन ठीक आहे.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी औषध लगेच बदललं नाही. रात्रीचं जेवण थोडं लवकर घ्या, जेवल्यावर वीसेक मिनिटं चाला आणि सकाळी उठल्यावर खाण्यात फार वेळ घालवू नका, म्हणाले. तीन आठवड्यांनी सरासरी बघून रात्रीच्या मेटफॉर्मिनचं ठरवू. रोज उपाशीपोटीचीच मोजत बसू नका, असंही म्हणाले. एक दिवस न्याहारीच्या आधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आधी-नंतर, असं आलटून पालटून. स्ट्रिपा तेवढ्याच लागतात आणि दिवसाचं चित्र पूर्ण दिसतं. जेवण सोडण्याबद्दल विचारलं तर हातच जोडले त्यांनी.

मुलीशी फोनवर सविस्तर बोलले. ती आधी थोडी हिरमुसली. म्हणाली, "आई, लांब बसून मी दुसरं काय करू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग असं ठरलं की रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, आणि ७० च्या खाली किंवा लागोपाठ दोनदा २०० च्या वर गेली तर त्याच वेळी कळवायचं. ग्रुपवर सकाळी आकड्याऐवजी तिच्या मुलाचे फोटो येतात आता. हे मात्र अजून मागे उभे राहतात, पण वहीत आकडा लिहायचं काम त्यांना दिल्यामुळे तोंड बंद असतं. अक्षर भयंकर आहे, ते चालवून घेतेय.

आता एक नवीन शंका. पुढच्या महिन्यात १४ दिवसांचा सेन्सर लावून बघू या असं डॉक्टर म्हणालेत. मी कायम डाव्या कुशीवर झोपते. कुठल्या हाताला लावू? आणि त्याचा आकडा मीटरशी जुळतो का?

प्रतिसाद

काकू, उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला लावा. सेन्सरवर अंगाचा भार पडला की आकडा खोटाच खाली जातो, रात्री २ ला गजर वाजतो आणि सगळं घर उठतं. तसा वाजला तर कूस बदला, आधी बोट टोचून खात्री करा, पण हातपाय थरथरत असतील तर खात्रीची वाट न बघता ग्लुकोज घ्या. मीटरशी तंतोतंत जुळणार नाही. सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे भराभर वाढत किंवा उतरत असताना तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवशीचे आकडे फार मनावर घेऊ नका. एमआरआय ठरलेला असेल तर आधी सांगा, सेन्सर काढावा लागू शकतो. आणि काकांच्या फोनवर अ‍ॅप टाकण्याआधी नियम ठरवून घ्या बरं का, नाहीतर दिवसातून दोनशे वेळा "हं" ऐकावा लागेल.